सेन्सर, भेगा आणि वाफसा: राळेगाव तालुक्यातल्या सहा वावरांच्या नोंदी

परदेशी विद्यापीठाबरोबर गावात काम करायला निघालेल्या छोट्या संस्थांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवल्या. आमची संस्था चार माणसांची. भागीदार तिघं: युरोपातलं एक विद्यापीठ, इकडचं एक कृषी विद्यापीठ आणि आम्ही. काम सांगायला सोपं आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या सहा वावरांत (शेतांत) मातीतली ओल यंत्रानं मोजायची आणि पावसानं ताण दिला की सोयाबीन-तुरीला संरक्षित पाणी कधी द्यायचं ते त्यावरून ठरवायचं. नावं दिलेली नाहीत. चुका आमच्याही आहेत, त्यांच्याही.

११ नोव्हेंबर

करारावर आज सह्या झाल्या. पहिला ईमेल एप्रिलमध्ये गेला होता, म्हणजे सात महिने. त्यातले दोन महिने 'वाद झाल्यास कुठल्या देशाचा कायदा लागू' या एका कलमानं खाल्ले. शेवटी 'आपसात बसून मिटवू' अशा अर्थाचं वाक्य घातलं आणि दोन्हीकडचे वकील गप्प झाले. हे वाक्य पहिल्याच मसुद्यात घालून पाठवा.

पैशाचं प्रकरण जास्त महागात पडलं. आमच्याकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणगी घेण्यासाठी लागणारी, नोंदणी नाही. ओळखीच्या एका नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात पैसे येतील आणि तिथून आमच्याकडे वळतील, असा आमचा हिशेब. २०२० च्या दुरुस्तीनंतर हे बंद आहे. परदेशी देणगी एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळवताच येत नाही, दुसरीकडे नोंदणी असली तरी. हे आम्हाला सीएनं सांगितलं, तेही अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर. मग सगळं नव्यानं मांडलं: उपकरणं युरोपातलं विद्यापीठ तिकडूनच घेऊन पाठवणार, इथला खर्च कृषी विद्यापीठ प्रकल्पाच्या खात्यातून थेट दुकानदाराला आणि मजुरांना देणार, आमच्या हातात रोकड नाही. सव्वा महिना यात गेला. आधी सीएकडे जा, भागीदाराकडे नंतर.

सह्यांच्या चहाला कृषी विद्यापीठातले एक निवृत्त सर आले होते. त्यांना या सगळ्याचं फारसं कौतुक नव्हतं. १९६० मध्ये पंतनगरचं विद्यापीठ उभं राहिलं ते अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठाच्या सोबतीनं. त्याच दशकात अमेरिकी सरकारनं आपली सहा विद्यापीठं भारतातल्या राज्यांना वाटून दिली होती, महाराष्ट्राच्या वाट्याला पेनसिल्व्हेनिया स्टेट आलं. अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ चं, त्या लाटेच्या मागोमाग आलेलं. "तेव्हा त्यांचे प्रोफेसर बायकापोरांसह दोन-दोन वर्षं येऊन राहायचे," सर म्हणाले, "तुमचे झूमवर येतात आणि पंधरा मिनिटांत जातात."

२२ जानेवारी

संमतीपत्रानं आम्हाला पहिल्याच घरी पाडलं.

तिकडून सात पानांचं इंग्रजी संमतीपत्र आलं. युरोपात २०१८ पासून वैयक्तिक माहितीचा कायदा कडक झालाय, त्यामुळे एकही ओळ गाळायला ते तयार नव्हते. मराठीत त्याची नऊ पानं झाली. पहिल्या वावरातल्या काकांनी चष्मा लावला, पहिलं पान वाचलं, मग कागद उलटा करून मागची कोरी बाजू नीट पाहिली. "याच्यावर ब्यांकेचं नाव काऊन नाई?" सही म्हणजे कर्ज, ही खूणगाठ पक्की. त्यात आम्ही शेताचा गट क्रमांकही विचारला होता. काकांनी कागद घडी घालून परत दिला आणि चहा मात्र पाजला.

दुरुस्ती: एक पान, मोठी अक्षरं, गट क्रमांक काढून टाकला. मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायचा, होकार फोनवर रेकॉर्ड करायचा, नको झालं तर कधीही फोन करून नाही म्हणायचं. तिकडच्या नैतिकता समितीनं हे मंजूर करायला तीन आठवडे घेतले. सहाच्या सहा घरांनी होकार दिला, काकांनी सगळ्यात शेवटी.

प्रश्नावलीत 'महिन्याचं उत्पन्न' असा रकाना होता. इथे उत्पन्न वर्षातून दोनदा येतं, कापूस विकल्यावर आणि तूर विकल्यावर, तो रकाना खोडला. दुसरा प्रश्न होता, 'मातीत पुरेशी ओल आहे हे कसं ठरवता?' खाली पाच पर्याय, त्यात वाफसा नव्हताच. वाफसा म्हणजे ना ओलं ना कोरडं, पाय रुतत नाही पण मुठीत लाडू वळतो, आणि तो लाडू कमरेएवढ्या उंचीवरून सोडला की फुटतो. हे समजावायला चाळीस मिनिटं गेली. शेवटी त्यांनी 'वाफसा' हाच शब्द रोमन लिपीत लिहून घेतला.

१५ मार्च

मातीचे नमुने तिकडे पाठवायचे होते, तो बेत रद्द.

युरोपीय संघात बाहेरच्या देशाची माती आणायलाच बंदी आहे, संशोधनासाठी वेगळं परवानापत्र लागतं. ते त्यांनी काढलं असतं. पण त्यांना मातीतल्या सूक्ष्मजीवांचाही अभ्यास करायचा होता, आणि सूक्ष्मजीव आपल्या २००२ च्या जैवविविधता कायद्यात जैविक संसाधनात मोडतात. परदेशी संस्थेला ते हवे तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी हवी. सरकारी मान्यतेच्या सहकार्य प्रकल्पांना सूट आहे, पण आमचा करार त्या साच्यात बसत नव्हता. सूक्ष्मजीव सोडून दिले. पोत, चुना, सामू (पीएच) हे सगळं इथल्याच प्रयोगशाळेत करून आकडे पाठवायचे ठरलं. चिकणमाती ५४ ते ६१ टक्के आणि सामू ८ च्या वर निघाला.

२ एप्रिल

चोवीस सेन्सर आणि त्यांचे आकडे साठवून पाठवणारे सहा लॉगर मुंबईच्या कस्टममध्ये एकोणीस दिवस पडून होते. तिकडून पाठवताना कोणीतरी सद्‌भावनेनं बिलावर 'व्यावसायिक मूल्य नाही' लिहिलं होतं. कस्टमला किंमत हवीच असते. नवं बिल, नवं पत्र, आणि गोदामभाडं ₹११,४०० वेगळं. खरी किंमत पहिल्याच बिलावर लिहायला लावा.

खोके उघडले, लॉगर चालू केले, एकाचाही गेटवेशी, म्हणजे लॉगरचे आकडे झेलणाऱ्या यंत्राशी, संपर्क होईना. बॅटरी बदलली, अँटेना बदलला, गेटवे शाळेच्या गच्चीवरून पाण्याच्या टाकीवर नेला. यात अकरा दिवस गेले. यवतमाळच्या एका इंजिनिअरिंगच्या पोरानं दहा मिनिटांत सांगितलं की यंत्रं युरोपच्या लहरींवर लावलेली आहेत: ८६८.१, ८६८.३, ८६८.५ मेगाहर्ट्‌झ. आपल्याकडे विनापरवाना पट्टा ८६५ ते ८६८ चा, आणि आम्ही विकत घेतलेला गेटवे त्याच पट्ट्यात कान देऊन बसलेला. एक हिंदीत बोलतोय, दुसरा तेलुगूत ऐकतोय, असा प्रकार. प्रत्येक लॉगरचं सॉफ्टवेअर बदललं. त्या पोरानं पैसे घेतले नाहीत, जेवायला थांबला.

१९ एप्रिल

आज सेन्सर गाडून झाले. पारा ४२ वर. आराखड्यात लिहिलं होतं 'हंगामापूर्वी बसवणे', आणि तिकडे हंगामापूर्वी माती मऊ असते.

इथे एप्रिलमधली भारी काळी जमीन म्हणजे दगड, आणि त्या दगडाला भेगा. दोन नंबरच्या वावरात एका भेगेत माझा हात कोपरापर्यंत गेला. फूटपट्टीनं मोजलं तर रुंदी चार सेंटिमीटर. लोखंडी सळई सोडली, ती सत्तर सेंटिमीटरवर टेकली. भोक पाडायचा ऑगर वाकला. मग सब्बल आणि टिकास. प्रत्येक वावरात दोन जागा, प्रत्येक जागी १५ आणि ४५ सेंटिमीटरवर एकेक सेन्सर. भोक पाडलं, चाळलेल्या मातीचा पातळ चिखल ओतला, सेन्सर खोचला. बारा मजूर-दिवस, ₹४,८००.

काका धुऱ्यावर (बांधावर) बसून पाहत होते. "पाऊस पडू द्या, मंग गाडा," एवढंच म्हणाले. आम्ही हसून वेळापत्रकाचा कागद दाखवला.

२६ एप्रिल

सगळे आकडे २ ते ४ टक्के. तीन सेन्सर चक्क शून्यावर. एक उकरून पाहिला. ओतलेला चिखल सुकून आक्रसला होता आणि सेन्सरच्या पात्याभोवती बोटभर फट पडली होती. आम्ही आठवडाभर हवा मोजत होतो. तिकडून ईमेल आला, 'फारच कोरडी माती, रोचक.'

१४ जून

काल रात्री पहिला दमदार पाऊस, पर्जन्यमापकात ३८ मिलिमीटर. सकाळी आलेख पाहून सगळे गोंधळले. ४५ सेंटिमीटरवरचे सेन्सर पावसानंतर वीस मिनिटांत उसळले, १५ वरचे नऊ तासांनी. पाणी आधी खाली पोचलं आणि मग वर?

तिकडच्या संशोधक मुलीचा ईमेल: वायरी उलट जोडल्या आहेत, कृपया तपासा. आम्हालाही तसंच वाटलं. भर चिखलात दोन ठिकाणी उकरलं. वायरी बरोबर होत्या. त्या उकरण्यात एक सेन्सर मोडला, ₹९,००० चा.

काकांना विचारलं. त्यांना प्रश्नच कळेना. "भेगीतून पाणी पयले खालीच जाते न बाप्पा. जमीन खालून भिजत येते. भेगा बुजल्या का मंग वरून." मृगाच्या पहिल्या पावसावर कोणी पेरत नाही, त्याचं एक कारण हेही: वरची चार बोटं भिजलेली दिसतात, खाली ओल असते, आणि मधला थर कोरडाच.

हे मी जसंच्या तसं लिहून पाठवलं. दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं की भेगांच्या मातीत असं होतं हे पुस्तकात आहे, पण त्यांचं मॉडेल वरून खाली भिजणाऱ्या मातीचं आहे, त्यात ही शक्यता धरलेलीच नाही. तिचं मला हे आवडलं की तिनं सारवासारव केली नाही. जूनअखेरपर्यंतची सगळी आकडेवारी बाद. दोन महिने गेले.

२३ जुलै

पुन्हा बसवणी, या वेळी काकांच्या सांगण्यानं. भेगा बुजल्यात, उघडीप आहे, वाफसा आहे. उभ्या सोयाबीनमध्ये खड्डे घ्यावे लागले. मोडलेल्या झाडांचे प्रत्येक घरी ₹५०० दिले, ते अंदाजपत्रकात नव्हते.

पद्धत, ज्यांना उपयोगी पडेल त्यांच्यासाठी: वरून भोक पाडू नका. दोन फूट खोल खड्डा घ्या आणि सेन्सर खड्ड्याच्या उभ्या भिंतीत आडवा खोचा, न हललेल्या मातीत. गावच्या लोहाराकडून सेन्सरच्या पात्यापेक्षा किंचित पातळ पोलादी पट्टी करून घेतली, ₹१५०. आधी ती ठोकून फट पाडायची, मग सेन्सर दाबायचा. तो घट्टच बसला पाहिजे. चिखल अजिबात ओतायचा नाही. माती ज्या थरातून निघाली त्याच थरात परत टाकून पायानं दाबायची. सहा वावरं तीन दिवसांत झाली. एप्रिलमध्ये आठ लागले होते.

९ ऑगस्ट

वायरी.

चार नंबरच्या वावरात डवऱ्यानं (कोळप्यानं) वायर कापली. डवरा हाकणाऱ्या सालदाराला आम्ही काही सांगितलंच नव्हतं. मालकाची संमती घेतली होती, ज्याच्या हातात कासरा त्याची नाही. एक नंबरमध्ये उंदरांनी कुरतडली. पाचमध्ये रानडुकरांनी, ताजी भुसभुशीत माती दिसली म्हणून, अख्खा खड्डाच उकरला. खुणेला लावलेल्या लाल झेंड्या पोरांनी नेल्या, त्यातली एक सायकलला दिसली.

आता सगळ्या वायरी पीव्हीसी पाइपात, दीड वीत खोल, तोंडं एमसीलनं बंद. खड्ड्यांवर बोरीच्या काट्या. झेंड्यांऐवजी चुना मारलेल्या खुंट्या. एकूण ₹६,२००. सालदारांना एकदा चहाला बोलावून सगळं दाखवलं. त्यानंतर एकही वायर कापली गेली नाही.

१८ ऑगस्ट

पाऊस नाही, तेरावा दिवस. सोयाबीन शेंगा धरतंय. ज्या प्रश्नासाठी प्रकल्प केला तो आज समोर उभा, आणि तिकडून स्वयंचलित उत्तर: 'मी २६ ऑगस्टपर्यंत रजेवर आहे.' मार्गदर्शकही रजेवर, त्यांच्या वरचे पण. ऑगस्टमध्ये युरोप बंद असतो हे करार करताना आम्हाला माहीत असायला हवं होतं. आपला खरीप नेमका तेव्हाच ऐन भरात. पुढच्या करारात 'जुलै-ऑगस्टमधले निर्णय स्थानिक चमू घेईल' असं कलम घालणार.

निर्णय कशावर घ्यायचा? सेन्सरवर दिसणारा आकडा खरा नव्हता. कारखान्यात लावलेला हिशेब हलक्या मातीचा, आपल्या चिकणमातीत तो बराच जास्त दाखवतो. म्हणून २५ जुलैपासून आम्ही घरगुती पद्धतीनं ताळा घेत होतो, त्यातल्या फजित्या इथे एकत्र लिहितो.

पद्धत जुनीच: ओली माती तोलायची, १०५ अंशांवर २४ तास सुकवायची, पुन्हा तोलायची. ओव्हन कृषी विद्यापीठाच्या केंद्रात, गावापासून दोन बस. पहिले अठरा नमुने प्लॅस्टिकच्या पातळ पिशव्यांत नेले. उतरेपर्यंत पिशव्यांना आतून घाम, माती अर्धी सुकलेली. अठराही फेकले. मग झाकणाच्या ॲल्युमिनियमच्या तीस डब्या (₹१,३५०) आणि ०.१ ग्रॅमचा काटा (₹१,४००) घेतला आणि गावातच, वावरातून आल्या आल्या तोलायला लागलो. तरी आकडे नाचायचे. दोन दिवस काटा वाईट म्हणून शिव्या घातल्या, मग काकू म्हणाल्या, "पंखा बंद करून पाय न." पंखा बंद केला, काटा स्थिर.

तिसरी चूक सगळ्यात लाजिरवाणी. ओव्हनमधून मिळतो तो वजनाचा टक्का, सेन्सर देतो आकारमानाचा. आम्ही आठवडाभर दोन्ही थेट शेजारी मांडून सेन्सरला दोष देत होतो. मधे मातीची घनता धरावी लागते, आणि काळी माती फुगते-आक्रसते म्हणून ती एकदा मोजून भागत नाही. आता दर वेळी कोअरचं कडं ठोकून ठरावीक आकारमानाचा नमुना घेतो.

आज एकवीस नमुने हाताशी आहेत. ज्या दिवशी घरच्यांनी 'वाफसा हाय' म्हटलं त्या दिवशीचे वजनी आकडे २६ ते ३१ टक्के. घनता धरून आकारमानानं ३४ ते ३९. सेन्सर त्याच वेळी ५० ते ५६ दाखवत होता. म्हणजे ढोबळमानानं सोळा-सतरा वजा करायचे. असा सरसकट वजाबाकीचा हिशेब ढोबळच, पण रजा संपेपर्यंत थांबलो असतो तर शेंगा पोचट राहिल्या असत्या. ठरवलं की दुरुस्त आकडा दोन्ही खोलींवर ३० खाली गेला तर पाणी.

चार वावरं ३० खाली. शेततळ्यात पाणी दोघांकडेच. लाइन रात्रपाळीची, म्हणून रात्री अकरा ते तीन तुषार चालवले. मी आणि काकांचा मुलगा, एक बॅटरी, गुडघ्यापर्यंतचे गमबूट, आणि सापाची भीती.

३ सप्टेंबर

काल पोळा, कोणी वावरात फिरकलं नाही. पाऊस २३ ऑगस्टलाच आला होता. रजा संपवून तिकडचे परतले, आमचा ढोबळ हिशेब पाहिला, दोन चुका काढल्या आणि बाकीचा ठेवला.

१४ ऑक्टोबर

संशोधक मुलगी आठ दिवस येऊन राहिली. परदेशी पाहुणा घरी उतरवायचा तर त्याची माहिती चोवीस तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते, घर खेड्यातलं असलं तरी. आम्ही तिसऱ्या दिवशी भरली आणि पोलीस ठाण्यात बसून समजावत राहिलो. व्हिसाही संशोधनाचाच हवा, तेवढं सुदैवानं तिच्या विद्यापीठानं नीट केलं होतं.

तिच्या फोनवर सगळे मातीच्या तापमानाचा आलेख बघत होते. काकू म्हणाल्या, "सकायी दहा वाजता जमीन इतकी कशी तापन?" आलेखात १५ सेंटिमीटरवरची माती सकाळी साडेदहाला सर्वांत गरम होती. खरं तर ती चारच्या सुमारास तापते. लॉगरचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर, साडेपाच तास मागे. आम्ही चौघं आणि ते पाच जण सहा महिने तोच आलेख बघत होतो. रात्रीच्या ओलिताच्या वेळाही त्यामुळे चुकीच्या दिवसावर पडल्या होत्या, त्या तिनं तिथेच बसून दुरुस्त केल्या. मग काकूंनी तिला ठेचा-भाकर वाढली. ठेच्याचं प्रमाण तिच्या अंदाजावर सोडायला नको होतं.

२८ ऑक्टोबर

दुपारी दीडच्या झूमला आम्ही तासभर एकटेच. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात. हिवाळ्यात बैठक अडीचला.

८ फेब्रुवारी

सोयाबीनचा हिशेब: पाणी दिलेल्या एका वावरात एकरी साडेसात क्विंटल, शेजारच्या न दिलेल्यात सहा. दुसऱ्या पाणी दिलेल्या वावरात काहीच फरक नाही. तिथे खाली मुरूम आहे आणि पाणी तुरीच्या मुळांनी नेलं असावं, असा काकांचा अंदाज. दोन वावरं, एक हंगाम. तिकडे शोधनिबंधाची घाई आहे, मी आणखी एक खरीप मागितलाय.

तूर निघाली, आता सेन्सर काढून ठेवायचे होते. चोवीसपैकी एक जूनमध्ये मोडला, दोन डुकरांनी नेले. उरलेल्या एकवीसपैकी एकोणीस निघाले. नऊ आणि चौदा नंबरचे निघत नाहीत, दोन्ही ४५ वरचे. माती आवळली आहे आणि सब्बल मारली तर पातं मोडेल. काका म्हणाले, "राहू द्या, मिरगात सोडन थे." तिथे चुना मारलेल्या दोन खुंट्या ठोकून आलो आणि यंदाच्या सालदाराला दाखवून ठेवल्या.